व्हेरोनातला कणी राहिलेला भात

मुलगी इटलीला शिकायला गेली तेव्हा गावात मला सगळे एकच विचारायचे, ती तिकडे जेवते काय. आमची शेजारीण तर विहिरीवर रोज नवी बातमी आणायची. एकदा म्हणाली, "वयनी, तिकडं शेवया नुसत्या उकडून खातात म्हणं, ना गूळ ना नारळ. पोरगी वाळून जायल गो." मी हसले, पण त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

आमचं घर सापगावच्या पुढे, शेतातच. माझं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. तिथल्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. पाचवीसाठी ओढा ओलांडून जावं लागे, तेव्हा वडील म्हणाले पुरे झालं. मला वाचायला आवडायचं, पण चार माणसांत बोलायला कधी जमलं नाही. पाहुणे आले की मी चुलीपुढे बसून राहायची. हे, म्हणजे माझे यजमान, कल्याणच्या पुढे एका कंपनीत होते. पहाटे सायकलने आसनगावला जायचे, तिथून लोकलने, आणि संध्याकाळी येऊन पुन्हा शेतात. घरचं तांदळाचं काम माझ्याकडे.

मुलगी सात-आठ वर्षांची झाली तेव्हा मी तिला चुलीवरचा भात बघायला शिकवलं. झिनी जातीचा तांदूळ असायचा घरचा. पळीने चार शितं काढायची आणि एक शीत दोन बोटांत दाबायचं. ते सपाट झालं पाहिजे. दाण्याच्या पोटात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा टिपका राहिला तर त्याला आम्ही कणी म्हणतो. कणी असली की थोडं पाणी शिंपडायचं, झाकण घालायचं आणि खालची लाकडं ओढून घ्यायची. एवढंच शिकवलं. पण तिला पहिले काही दिवस स्वतःच्या बोटांवर भरवसा नव्हता. मी शेतात असले की ती तळहातावर एक शीत घेऊन बांधावरून पळत यायची. येईपर्यंत ते गार होऊन वाळून जायचं. मी तरी दाबून बघायची आणि म्हणायची, झाला गो भात, जा, उतरव. ती तशीच पळत मागे जायची. तिच्या फ्रॉकचा मागचा बंद नेहमी सुटलेला असायचा. ती वर्षं आठवली की मला पहिल्यांदा तो सुटलेला बंदच दिसतो.

पुढे ती शहापूरच्या शाळेत गेली, मग बारावी झाली. मग मुंबईला हॉटेलातला स्वयंपाक शिकायचा कोर्स केला. यांना ते फारसं पटलं नव्हतं. स्वयंपाक शिकायला फी कशाला, आई आहे ना, असं म्हणायचे. पण तिथे ती पहिली आली आणि तिला इटलीला एक वर्ष शिकायला जायला मिळालं. एकाची दोन वर्षं झाली. मग तिचं पत्र आलं. व्हेरोना नावाच्या शहरात एक बाई होत्या. त्या परदेशी पाहुण्यांना शहरातून पायी फिरवायच्या आणि तिथलं खाणं नि वाईन चाखवायच्या. मुलगी त्यांच्या हाताखाली मदत करत होती. मे महिन्यात त्या तिची परीक्षा घेणार होत्या. एक पूर्ण सहल तिने एकटीने इंग्रजीतून न्यायची. ती चांगली झाली तर तिला कायमची नोकरी आणि राहण्याचे कागद मिळणार, नाहीतर जूनमध्ये मुदत संपली की तिने परत यायचं. पत्राबरोबर माझं विमानाचं तिकीट होतं. एकदा येऊन बघून जा, असं लिहिलं होतं.

यांनी पत्र दोनदा वाचलं. रोपांसाठी राब भाजून झाले होते, पेरणीला अवकाश होता, म्हणून तीन आठवडे मला सोडता येत होतं. भिवंडीकडच्या एका चांगल्या घरून तिला मागणीही आली होती. जायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "बघून ये. पण येताना तिला घेऊन ये. कसं ते तू बघ."

मलाही तेच हवं होतं. पुढे जे झालं ते त्याशिवाय समजणार नाही.

व्हेरोनात तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खाली अरुंद गल्ली आणि समोरच्या घराच्या खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या. जवळच नदी होती, हिरवट पाण्याची, आमच्या काळू नदीपेक्षा फार वेगात वाहणारी. मी एकटी खाली उतरायला घाबरायची. मुलगी कामावर गेली की खिडकीत बसायची आणि ती येण्याआधी भाकरी करून ठेवायची. पीठ मी घरून नेलं होतं. ती दारातच नाक वर करून वास घ्यायची, बूटसुद्धा न काढता एक तुकडा मोडायची. तेव्हा मला वाटायचं, हिला न्यायला काही फार बोलावं लागणार नाही.

परीक्षा शनिवारी होती. एक पाहुणा आला नव्हता, एक जागा रिकामी होती, म्हणून बाईंनीच सांगितलं की आईला घेऊन ये. आदल्या संध्याकाळी मुलीने मला समोर बसवून सूचना दिल्या. मध्येच मराठीत हाक मारायची नाही. काही आवडलं नाही तर तोंड वाकडं करायचं नाही. आणि काही झालं तरी थुंकायचं नाही. मी म्हटलं, मी कधी थुंकले गो. ती म्हणाली, आपलं सांगून ठेवलं.

सकाळी मी जांभळी साडी नेसले, वर स्वेटर आणि पायात तिने घेतलेले पांढरे बूट. पाहुणे सात होते. त्यात एक उंच म्हातारे गृहस्थ होते आणि त्यांची तेवढीच उंच बायको. बाकीचेही जोडीजोडीने, एकच जण एकटा. मुलगी पुढे, तिच्या हातात एक पिवळी छत्री. मी अगदी शेवटी. आणि माझ्या बाजूला परीक्षा घेणाऱ्या त्या मालकीणबाई. त्यांचे केस आखूड, पांढरे. हातात लहान वही. त्यांना मराठी येत नव्हती आणि मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो आणि चालायचो. त्या काय लिहितात ते मला वाचता येणार नव्हतं. पण पेन कधी चालतं आणि कधी थांबतं ते दिसत होतं.

आधी चौकातला बाजार. मोठ्या पांढऱ्या छत्र्यांखाली फळं, फुलं, बोटाएवढे जाड पांढरे कोंब जुडी बांधून ठेवलेले. मुलीने एक जुडी उचलून सांगायला सुरुवात केली. तिचा आवाज आधी थोडा कापत होता. पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण करताना कापायचा तसा. मग उंच गृहस्थांनी काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, सगळे हसले आणि आवाज सरळ झाला. बाईंचं पेन चाललं. मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. बरं वाटलं ते आईला वाटतं तसं. वाईट वाटलं ते का, हे मी स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

मग चीजचं दुकान. तिथे सगळ्यांना सुपारीएवढे तुकडे मिळाले. मी तुकडा तोंडात ठेवला आणि आंबलेल्या दुधाचा वास नाकात गेला, पण तोंड वाकडं केलं नाही. मुलीने लांबून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिला हसू आलं ते तिने छत्रीमागे लपवलं.

त्यानंतर वाईनचं तळघर. दगडी पायऱ्या उतरून गेलो तर आत गारवा आणि मोठी लाकडी पिंपं. एका भिंतीला बांबूचे माच एकावर एक रचलेले होते, रिकामे. मुलीने ते दाखवत बरंच सांगितलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच मराठीत सांगितलं की द्राक्षं काढल्यावर लगेच पिळत नाहीत. या माचांवर तीन-चार महिने पसरून सुकवतात आणि मग त्यांची वाईन करतात. सुकल्यावर रस कमी मिळतो, पण दाट मिळतो.

मी त्या माचाला हात लावला. वास घेतला. माझ्या माहेरी चैत्रात अंगणभर मोहाची फुलं सुकत घातलेली असायची. पहाटे जंगलातून वेचून आणायची, तट्ट्यावर पसरायची आणि बकऱ्या हाकत बसायचं. तीन दिवसांत फुलं मनुकांसारखी तांबडी व्हायची आणि सगळ्या वाडीला गोड, थोडा आंबट वास यायचा. माझी आजी त्यातली मूठभर फुलं भाजून तिळाबरोबर कुटून आम्हाला द्यायची. बाकीच्या फुलांचं काय व्हायचं ते आम्हाला विचारायचं नसे. चाळीस वर्षांत तो वास मला कुठे आला नव्हता. सापगावलाही नाही. आणि तो आला तर व्हेरोनाच्या तळघरात, रिकाम्या माचातून. मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले असेन, कारण मालकीणबाईंनी येऊन माझ्या दंडाला हात लावला.

मग पेले आले. मुलीने पेला कलवून रंग दाखवला, गोल फिरवून वास घ्यायला सांगितला, एक घोट घ्यायला सांगितला. आणि तो घोट झाल्यावर ते सगळे मोठे लोक एकामागून एक पुढे झाले आणि पितळेच्या एका भांड्यात थुंकले. उंच बाईसुद्धा, रुमालाने ओठ टिपत. मी मुलीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण तिचे कान लाल झाले होते. माझा पेला मी तसाच हातात धरून ठेवला. उंच गृहस्थांनी खुणेने विचारलं, तुम्हाला नको का? मी त्यांना दिला. ते तो प्यायले आणि थुंकले नाहीत.

एवढं सगळं चांगलं झालं होतं. बाईंच्या वहीची तीन पानं भरली होती. आता फक्त जेवण उरलं होतं.

जेवणाची जागा लहान होती, एकच लांब टेबल आणि मागे उघडं स्वयंपाकघर. मुलीने मला आधीच सांगितलं होतं की त्या भागात भात पिकतो, शहराच्या दक्षिणेला खाचरं आहेत, पाणी भरलेली, अगदी आपल्यासारखी. सहलीचा मुख्य पदार्थ म्हणजे तिथल्या तांदळाचा, त्या सुकवलेल्या द्राक्षांच्या वाईनमध्ये शिजवलेला भात. मला दारूतला भात खायचा नव्हता, पण ती म्हणाली शिजताना त्यातली दारू उडून जाते. मग मी खायचं कबूल केलं.

आचाऱ्याने दोन कानांचं तांब्याचं पातेलं आणून टेबलावर ठेवलं. भात जांभळा, ओलसर, सांडेल असा सैल. मुलगी उभी राहून स्वतः वाढत होती. वाढता वाढता बोलत होती. पहिलं ताट तिने माझ्यापुढे ठेवलं, मग बाईंपुढे, मग उंच जोडप्यापुढे. बाकीच्यांचं व्हायचं होतं. सगळ्यांना वाढून होईपर्यंत तिथे कोणी सुरुवात करत नाही हे मला माहीत नव्हतं. मी एक घास घेतला.

दाताखाली कणी लागली.

मला वाटलं एखादं शीत असेल. मी टेबलाच्या कडेखाली दुसरं शीत दोन बोटांत दाबलं. ते सपाट झालं नाही. मध्ये पांढरा टिपका, स्पष्ट. तिसरं दाबलं. तेही तसंच.

माझ्या नणंदेचं लग्न आमच्या दारात झालं होतं, मुलगी तेव्हा रांगत होती. मुहूर्त उशिरा लागला आणि जेवणाची घाई झाली. भात उतरवणाऱ्याने शीत न बघताच पातेलं उतरवलं. पहिल्या पंगतीत वरपक्षाचे एक म्हातारे बसले होते. त्यांनी एक शीत पत्रावळीवर दाबलं, बोटावर घेऊन शेजाऱ्याला दाखवलं आणि काही न बोलता उठले. त्यांच्यामागे सगळी पंगत उठली. सासूबाई दारात हात जोडून उभ्या होत्या. नणंदेला सासरी पुढे कितीतरी वर्षं ऐकावं लागलं की तुमच्याकडे भात शिजत नाय, नुस्ता भिजतो. ज्याने भात उतरवला त्याला कोणी काही म्हटलं नाही. बोल लागला तो वाढणाऱ्यांना.

आणि इथे वाढत होती माझी मुलगी.

मी खोटं लिहिणार नाही. त्या वेळी माझ्या मनात आलं की गप्प बसावं. आता हे लोक पहिला घास घेतील, त्यांना कणी लागेल, ते उठतील. बाईंची वही बंद होईल. जूनमध्ये मुलगी माझ्याबरोबर घरी येईल आणि मी काहीच केलेलं नसेल. मी दुसरा घास घेतला. तो चावून गिळलासुद्धा.

मग मुलगी पाचवं ताट घेऊन पुढे झाली. तिने केस कानामागे सारले आणि काहीतरी सांगून हसली. ती इतकी खुशीत होती. मी उठले.

भर सभेत मी कधी उठले नव्हते. पदराने पातेल्याचे दोन्ही कान धरले आणि सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेले. आचारी दुसरीकडे वळला होता. मी पातेलं शेगडीवर ठेवलं, जवळच्या जगमधून पाणी ओतलं, मोठी थाळी दिसली ती झाकण म्हणून घातली आणि जाळ बारीक करायला बटण शोधू लागले. तेवढ्यात आचारी वळला. तो जे ओरडला ते मला कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती. त्याने थाळी उचलली आणि आत बघितलं. मग हात कपाळावर ठेवला. मी बोटात धरलेलं शीत त्याला दाखवत होते. दाबून दाखवत होते. बघा, कणी आहे, असं मराठीतच म्हणत होते.

मागे मुलगी उभी होती. तिचा चेहरा बघून मला समजलं की काहीतरी फार मोठं चुकलं आहे. काय, ते मात्र अजून कळलं नव्हतं.

तिकडे तो भात तसाच खातात. पोटात कणी ठेवून. तीच त्याची खूण. पूर्ण शिजवला तर वाया गेला म्हणतात. हे मला नंतर कळलं. पातेल्यातल्या भाताची तोवर पेज झाली होती. आचारी पुन्हा शिजवायला तयार नव्हता, आणि तयार झाला असता तरी वीस मिनिटं लागली असती. पाहुण्यांना पाव आणि भाजलेल्या भाज्या दिल्या. मुलीने उभं राहून त्यांना काहीतरी सांगितलं, माझ्याकडे हात करून. दोघेतिघे हसले, वाईट नाही हसले. उंच गृहस्थांनी माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी वही पर्समध्ये ठेवली. नंतर मुलीला बाजूला घेऊन दोनच वाक्यं बोलल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा. या वेळी आईशिवाय.

परत जाताना नदीवरच्या पुलावर ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती. मध्येच थांबली. मागे वळली नाही. म्हणाली, "तू मुद्दाम केलंस आई. बाबांनी सांगून पाठवलं होतं ना तुला?"

बाबांनी सांगितलं होतं हे खरं होतं. मुद्दाम केलं हे खोटं होतं. दोन्ही एकदम कसं सांगायचं ते मला येईना. मी पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिले. तिने थोडा वेळ वाट बघितली आणि मग चालायला लागली.

त्यानंतरचे चार दिवस ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. चहा ठेवलाय. अंघोळीचं पाणी तापलंय. भाकरी खायची, पण दारातून आल्यावर नाक वर करायची नाही. मी खिडकीत बसून त्याच त्या लाल कुंड्या बघायची आणि उत्तर जुळवायची. मला बोलायला वेळ लागतो. लहानपणापासून तसंच आहे. भांडण संपून माणसं झोपायला गेली की मला सुचतं काय बोलायला हवं होतं.

बुधवारी ती दुपारीच आली. पिशवीत अर्धा किलो तो तांदूळ होता, आखूड आणि गोल. शनिवारी काय काय सांगायचं त्याची तालीम करायला ती स्वतः शिजवणार होती. मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. तिने कांदा परतला, तांदूळ कोरडाच टाकला, मग पळीपळीने गरम पाणी घालत ढवळत राहिली. आमच्याकडे भात ढवळणाऱ्या सुनेला सासू हाकलून देईल. मी ते मनातच ठेवलं. ती ढवळताना ओठातल्या ओठात इंग्रजी वाक्यं म्हणत होती. तिच्या मनगटावर लहानपणी चुलीच्या वाफेने भाजल्याचा डाग अजून होता.

मी म्हटलं, "मुद्दाम करायचं असतं ना बाय, तर मी गप बसून जेवले असते."

तिची पळी थांबली.

मग मी सगळं सांगितलं. बाबांनी सांगितलं होतं, आणि मलाही हवं होतं. कणी लागली तेव्हा मला वाटलं होतं की आता बरं झालं, ही येईल घरी. एक घास मी तसा गिळलाही. हे सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते, शेगडीकडे बघत होते.

तिने दोन-तीनदा पळी फिरवली. मग म्हणाली, "मग उठलीस कशाला?"

"वाढत तू होतीस."

तिने पळी ओट्यावर ठेवली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, तिला वाकावं लागलं. भिवंडीच्या स्थळाचंही मी तेव्हाच सांगितलं. ती हसली की रडली ते मला नीट कळलं नाही, अंग हलत होतं एवढं खरं. शेगडी चालूच राहिली. भानावर आलो तेव्हा भात मऊ होऊन फुलला होता, अगदी आपल्याकडच्यासारखा. तिच्या तालमीचं वाटोळं झालं. ती म्हणाली हा आता इथे कोणाला दाखवता येणार नाही. आम्ही दोघींनी तो घरच्या लोणच्याबरोबर खाल्ला, पातेलं निपटून.

शनिवारी ती पिवळी छत्री घेऊन एकटी गेली. मी खोलीत होते. देवाला काय मागायचं ते मला ठरवता येईना, म्हणून मी काहीच मागितलं नाही, दिवा लावला आणि तिची शाल धुऊन टाकली. चार वाजता जिन्यात पावलं वाजली. तीन मजले ती एका दमात पळत आली होती. दार उघडायच्या आधीच मला कळलं की नोकरी मिळाली. ती दारात धापा टाकत उभी होती, तोंडाने काही बोलता येत नव्हतं, मान मात्र सारखी हलवत होती. मी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. ती आता माझ्याबरोबर येणार नव्हती, पण बोटं दहाच्या दहा मोडली.

मग ती खुर्चीत बसली. म्हणाली, बाबांना कोण सांगणार. एरवी यांच्याशी फोनवर तीच बोलायची, मी नुसती बाजूला उभी राहायची. फोनवर माझा आवाज निघत नाही. मी म्हटलं, लाव फोन, मी सांगते.

यांच्याकडे तेव्हा नुकताच छोटा मोबाईल आला होता. घरात रेंज नसायची, म्हणून फोन आला की हे बोलत बोलत बांधावर जायचे. मला पलीकडून वारा ऐकू येत होता आणि कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. म्हटलं, "तिची नोकरी पक्की झाली. चांगली माणसं हायत. तिला घेऊन येत नाय मी."

पलीकडे कुत्र्याला हाकलल्याचं ऐकू आलं. मग यांनी विचारलं, ती खुशीत आहे का. मी म्हटलं, हो. भिवंडीच्या लोकांना काय सांगायचं, असं विचारलं. मी म्हटलं, नाय म्हणून सांगा, आमी ठरवू नंतर. हे 'बरं' म्हणाले. मग म्हणाले, "तू ये मग वेळेवर. पेरणी आलीय."

मी फोन मुलीच्या हातात दिला. तिने विचारलं, "काय म्हणाले?"

"ये म्हणाले."

"मला?"

"नाय गो. मला."